आधी दाखवा तर खरं

प्रेमकुंवर वाचनालयात निघाली, की आज कोणतं पुस्तक आणणार, हे तिला कुणी विचारू नये. तिला ते कधीच सांगता यायचं नाही. बाई जायची ती नुसती बघायला. धुळ्याच्या त्या वाचनालयात उघड्या कपाटांच्या रांगा होत्या आणि मधल्या बोळांतून हिंडायला कुणाची आडकाठी नव्हती. एक पुस्तक काढायचं, मधलंच पान वाचायचं, ठेवून द्यायचं, शेजारचं काढायचं. एकदा पदराची धूळ झटकायला ती वाकली आणि तळाच्या खणात तिला विहिरींवरचं जाडजूड पुस्तक दिसलं. विहीर खणतात कशी, बांधतात कशी, आतल्या पायऱ्या कशा काढतात. कापड दुकानदाराच्या बायकोला विहिरींशी काय करायचंय? पण त्या पुस्तकाने तिला झपाटून टाकलं. नंतर यावलला माहेरी गेली, तर चहा घ्यायच्या आधी शेजारच्या केळीच्या मळ्यातली विहीर बघून आली.

नव्व्याण्णव साली वाचनालयाला नवे अध्यक्ष मिळाले. ते तिचेच यजमान, शांतीलालशेठ. माणूस भला, व्यवहाराला चोख, आणि नव्या गोष्टींची भारी हौस. लोक पुस्तकं जागच्या जागी ठेवत नाहीत, पानं फाडतात, याचा त्यांना मनापासून त्रास व्हायचा. त्यांनी ठरवून टाकलं: कपाटं वरच्या मजल्यावर कुलपात, खाली फक्त टेबल आणि टेबलावर संगणक. नाव टाका, शिपाई पुस्तक आणून देईल. पुण्याला शिकणाऱ्या मगनने, त्यांच्या पुतण्याने, त्यात भर घातली. "काका, आता इंटरनेटवर परदेशातलं पुस्तकसुद्धा घरबसल्या मागवता येतं. दुकानात पाय ठेवायची गरज नाही." शेठ हरखून गेले.

संगणक आला त्या दिवशी पहिला मान अर्थातच शेठाणींना. मगनने खुर्ची पुढे केली.

"काकी, नाव सांगा, मी टाकतो."

तिने एक नाव सांगितलं. लगेच पडद्यावर आलं. ते तिचं वाचून झालं होतं. दुसरं सांगितलं, तेही वाचलेलं. मग ती अडली. पडद्यावर बारीकशी रेघ लुकलुकत राहिली. ठाऊक असेल तेवढंच मागता येणार. जे अजून नजरेलाच पडलं नाही, त्याचं नाव कुठून आणायचं?

"विषय सांगा. कोणता आवडतो?" मगनने विचारलं.

ते पुस्तक हाती लागण्याआधी कुणी विचारलं असतं, तर ती जन्मात 'विहिरी' म्हणाली नसती. पण चार लोकांत काय बोलणार? "छान आहे," म्हणाली आणि उठली.

घरी तिने विषय काढून पाहिला. "होईल सवय," शेठ म्हणाले आणि कूस बदलून झोपले. तिला भयंकर राग आला. घर आणि दुकान सोडून तिची म्हणून एक जागा होती, तिला कुलूप लागणार होतं, आणि लावणारा माणूस शेजारी घोरत होता.

कपाटं हलवायला हमाल सोमवारी यायचे होते. शनिवारी दुपारी ती नेहमीसारखी डबा घेऊन दुकानात गेली. शेठ पडद्याआड जेवायला बसले की तेवढा वेळ गादीवर ती बसायची. तेवढ्यात शिंदखेड्याकडची भिकुबाई आली. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. तिला विहिणीला लुगडं द्यायचं होतं.

"येहीनले देवाले लुगडं पाह्यजे."

प्रेमकुंवर जागची हलली नाही. मागे फळ्यांवर लुगडी छतापर्यंत रचलेली होती. "कोणतं? नाव सांगा."

"नाव माले काय ठाऊक? हिरवं देखाड."

"हिरव्यात कोणतं? काठ कसला?"

भिकुबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. "आधी देखाड तं खरी. नजरले पडनं म्हंजे सांगसू."

"नाव सांगितल्याशिवाय काढता येणार नाही."

भिकुबाईने पिशवी उचलली. पडद्याआड शेठनी हातातला घास खाली टाकला. उष्ट्या हाताने ते बाहेर धावले. "अक्का, बसा, बसा. अहो, बघायला काय जातंय?" हात धुऊन त्यांनी गादीवर लुगड्यांचा ढीग घातला. भिकुबाईने हिरवी सगळी बाजूला सारली आणि ढिगाच्या तळातून एक जांभळं ओढून काढलं. तेच घेऊन गेली, खुशीत.

"डोकं फिरलंय का तुझं?" शेठ कडाडले. "गिऱ्हाईक उठून चाललं होतं."

"सोमवारपासून मीही अशीच उठून जाणार आहे," प्रेमकुंवर म्हणाली. "तुमच्या वाचनालयातून."

समोर पसरलेल्या लुगड्यांच्या घड्या शेठनी स्वतःच घालायला घेतल्या. डब्यातली भाजी तशीच गार होत राहिली.

सोमवारी हमाल आले आणि चहा पिऊन परत गेले. संगणक राहिला. नाव ठाऊक असलेल्यांची त्याने चांगली सोय केली, आणि प्रेमकुंवरचीही त्याला काही हरकत नव्हती. कपाटं खालीच राहिली. दोन कपाटांच्या मधे, तळाचे खण बसून बघता यावेत म्हणून, शेठनी दुकानातली एक जुनी गादी आणून टाकली.

त्या संध्याकाळी ती एक पुस्तक घेऊन घरी आली.

"काय आणायला गेली होतीस?" शेठनी विचारलं.

"मला काय ठाऊक?"

पुस्तक मधमाश्यांवरचं होतं. शेठनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, मधलंच पान उघडलं आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले. प्रेमकुंवरने थोडा वेळ वाट पाहिली, मग हात पुढे केला. शेठनी मान वर न करता पान उलटलं.