दोन दारांच्या बसचा आकडा

मी एक जुना खण आहे. कपाटातला नव्हे हं! शाळेच्या बसगाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या एका संगणक प्रणालीच्या मेमरीतला. माझ्यात एकच आकडा मावतो : सात नंबरच्या बसमध्ये या क्षणी किती मुलं आहेत. बसच्या दारावर एक इलेक्ट्रॉनिक डोळा असतो. मूल चढलं की तो बातमी पाठवतो आणि माझा आकडा एकाने वाढतो. उतरलं की एकाने घटतो. शाळेत बस रिकामी झाली की माझ्यात शून्य उरायला हवं. शून्य झाल्यावर एवढा आनंद होणारा दुसरा कोणी तुम्हाला भेटायचा नाही, मित्रांनो.

मला घडवलं एका प्रोग्रामर ताईने. तेव्हा बातम्या हाताळायला एकच कामकरी होता. कामकरी म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रामच्या आतच राबणारा. त्याला थ्रेड म्हणतात. तो बातमी उचलायचा, माझा आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा किंवा वजा करायचा आणि नवा आकडा लिहून जायचा. तीन वर्षं मी एकदाही चुकलो नाही. ऑफिसात माझं कौतुक व्हायचं. मीही जरा शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग गाड्या वाढल्या. ताईच्या साहेबांनी तीन संगणक आणले, प्रत्येकावर आठ-आठ थ्रेड. आता त्यांतला कुठलाही थ्रेड केव्हाही येऊन माझा आकडा बदलू लागला. काम झपाट्याने होऊ लागलं आणि माझी विचारपूस करायला कुणाला सवड उरली नाही.

त्याच सुमारास सात नंबरला नवी गाडी मिळाली आणि घोटाळा सुरू झाला. रिकाम्या बसमधल्या आणि ऑफिसातल्या पडद्यावर अधूनमधून ‘एक मूल आत’ अशी अक्षरं झळकू लागली. ड्रायव्हरकाका प्रत्येक बाकाखाली वाकून बघत. कुणीच नसे. तरी नियमाप्रमाणे सगळ्या शाळेची हजेरी पुन्हा घ्यावी लागे.

मुख्याध्यापिका बाई वैतागल्या. “बाकीच्या गाड्यांचं बरोबर येतं, तुमचंच कसं चुकतं? मुलांना नीट उतरवत नसाल. महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही, तर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल.”

बावीस वर्षं गाडी चालवलेल्या त्या माणसाने मान खाली घातली. चूक माझ्या पोटात होती आणि बोल त्यांना लागत होता. मला फार लाज वाटली.

ताईने शोध सुरू केला. तिच्या टेबलावरच्या संगणकात तिने एक खोटी बस तयार करून हजारदा चालवली. आकडा एकदाही चुकला नाही. मग तिने सगळ्या थ्रेडना प्रत्येक पायरीची नोंद लिहायला लावली. चार दिवस चूक गायब! नोंदी बंद केल्या, तर दुसऱ्याच सकाळी हजर.

“अगं, मग राहू देत की नोंदी!” साहेब म्हणाले.

“लिहिण्यात वेळ जातो म्हणून चूक लपते, साहेब. जात नाही ती.”

शेवटी तिने काकांनाच फोन लावला. “काका, तुमच्या गाडीत बाकीच्यांपेक्षा वेगळं काय आहे?”

“काय असणार, ताई? मागे एक दार जास्त आहे, एवढंच. शाळेत दोन्ही दारं उघडतो, पोरं धडाधड उतरतात.”

ताईने कपाळावर हात मारला. तिच्या खोट्या बसला एकच दार होतं!

आता गंमत ऐका. पुढच्या दाराची बातमी घेऊन एक थ्रेड येई आणि मागच्या दाराची घेऊन दुसरा, अगदी एकाच क्षणी. माझ्यात समजा बारा आहेत. दोघेही बारा वाचत, दोघेही एक वजा करत, दोघेही अकरा लिहून जात. उतरली दोन मुलं, घटलं एकच. मला ओरडता येत नाही, करणार काय?

आधी ताईने मला कडी बसवली : एक थ्रेड आत असेल तर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. आकडा सुधारला, पण बाहेर एवढी रांग लागली की बातम्या उशिरा पोहोचू लागल्या. तिने कडी काढली आणि नवा नियम केला. एका बसच्या सगळ्या बातम्या, दार कुठलंही असो, एकाच थ्रेडकडे आणि आल्या त्याच क्रमाने. मग दोन दारांची खोटी बस तिने लाख वेळा रिकामी करून पाहिली. दर वेळी शून्य!

खऱ्या बसचंही नऊ दिवस शून्य आलं. दहाव्या दिवशी, महिन्याच्या अगदी शेवटी, पडद्यावर पुन्हा उमटलं : ‘एक मूल आत’.

“झालं! पुन्हा तेच!” साहेब ओरडले. ताईचा चेहरा पडला. शाळेच्या आवारात मुख्याध्यापिका बाई बसकडे चालत आल्या. मला माझ्या आकड्याची खात्री होती, पण मला विचारतो कोण?

काका मात्र नेहमीसारखेच उठले आणि एकेक बाक बघत मागे गेले. शेवटच्या बाकावर, दप्तराला टेकून, एक चिमुरडी गाढ झोपली होती.

“ताई, तुमचा आकडा खरा आहे हो!” काकांनी तिथूनच फोन लावला. “सापडली. झोपली होती.”

बाईंनी मुलीला कडेवर घेतलं. मग हळूच म्हणाल्या, “चुकले मी, काका. इतक्या वेळा फुकट वाकलात, तरी आजही बघितलंत. ही गाडी तुमच्याकडेच राहू दे.”

मित्रांनो, एक वस्तू अनेकांच्या हाती द्याल, तेव्हा कुणाची पाळी कधी ते आधी ठरवा. आणि एखाद्याचं काम चुकलेलं दिसलं, तर त्याला बोल लावण्याआधी आम्हा खणांनाही एकदा उघडून बघा. आम्हाला मुळीच राग येत नाही. उलट बरं वाटतं.