हिरव्या पाण्यातली तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. ताटाएवढी, निम्मी पांढरी, निम्मी काळी. मला दोरीने तळ्यात सोडतात. मी जितक्या खोलवर दिसते, तितकं पाणी निर्मळ. एवढीच माझी सेवा.

मला सोडतात त्या ताई पाणी तपासतात. होडी त्यांच्या धाकट्या भावाची आणि तळ्यातले मासेही त्याचेच. पूर्वी मी खाली जात असे ती जातच असे. "ताई, ही काय आता तळाशीच राहायला जाते?" असं तो हसून विचारायचा.

खालच्या त्या स्वच्छ गारव्यात देवाने किती बारीक संसार मांडला होता! शेवाळाचे इवले कण, त्यांना खाणारे सूक्ष्म जीव, त्या दोघांना टिपणाऱ्या, पिसवेएवढ्या पाणपिसवा आणि पाणपिसवांवर वाढणारी माशांची पिल्लं. मेलेलं सगळं जिवाणू कुजवत आणि पाण्याला परत देत. कुणी उपाशी नव्हतं.

मग भावाने तळ्यात खत ओतलं. शेवाळ वाढलं की मासे वाढतील, हा त्याचा हिशेब.

"बेताने रे," ताई म्हणाल्या.

"तू चहातसुद्धा साखर घालत नाहीस, नुसती दाखवतेस," तो म्हणाला.

पहिल्या वर्षी मासे खरंच पोसले. त्याने खत दुप्पट केलं आणि मला घरातल्या खुंटीला अडकवलं. हिरव्या पाण्यात काय बघायचं, म्हणाला. खिडकीतून तळं दिसे. माझा जीव तिकडेच लागलेला.

पुढे शेवाळाचे चिकट गोळे झाले. ते पाणपिसवांच्या तोंडात मावेनात. गोळे मेले, तशी जिवाणूंची चंगळ झाली आणि कुजवता कुजवता त्यांनी पाण्यातला प्राणवायू संपवला. एका सकाळी मासे वर येऊन तोंडं वासत होते.

"एवढं खायला असून असं का गं, ताई?" त्याने विचारलं.

"खाण्याजोगं उरलं नाही, आणि आता श्वासही नाही."

"उरलेले तरी जगतील?"

"खत थांबव. पण गाळात साठलेलं खत पाण्यात उतरतच राहील. पाणी निवळायला वर्षं जातील, बाबा."

त्याने खताची पोती परत पाठवली. आता तो स्वतः मला पाण्यात सोडतो आणि वाकून बघत राहतो. हातभर खाली गेले की मी त्याला दिसेनाशी होते.

मित्रांनो, पाण्याला माया करा, पण त्याला पचेल एवढीच. या हिरव्या अंधारात मी रोज त्या गारव्याची वाट पाहते.