आत्याचं तालीसपत्र

दीपा बाहेरून आली तर मालिनी आत्या किचनच्या टेबलाशी ताठ बसलेली. साडीवर बाबांचा जाडजूड पार्का कोट, पायात स्नोचे बूट, आणि चेहरा असा की कुणीतरी थोबाडीत दिलीय.

"काय झालं गं आत्या?"

"काही नाही. तुमच्या अमेरिकेत पाहुण्यांशी कसं बोलतात ते कळलं."

आता ही आत्या म्हणजे अशीतशी बाई नव्हे, बरं का. जन्मभर नागपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली, रस्त्यात दिसली तरी पोरं मनातल्या मनात क्रियापदं दुरुस्त करायची. त्यात वैद्याची मुलगी. दीपाचे आजोबा, म्हणजे घरातले दादा, वैद्य होते. दीपाचे बाबा, हेमचंद्र, इंजिनिअर होऊन न्यू जर्सीला आले आणि काढ्याचूर्णांचं सगळं डोकं गेलं आत्याकडे. सत्याऐंशीच्या डिसेंबरात ती पहिल्यांदाच भावाकडे वेस्ट विंडसरला आलेली, आणि दीपा कॉलेजला सुट्टी लागून घरी आलेली.

तर दीपाच्या अंगात तेव्हा वेगळंच वारं शिरलेलं. कॉलेजात कुणीतरी रानातल्या खाण्याच्या झाडांचा वॉक काढला होता, तो तिने केला, आणि झालं. घरी आल्या आल्या घरामागच्या व्हाइट पाइनची सुयांसारखी पानं खुडून तिने आत्याला चहा करून दिला. लिंबाच्या सालीसारखा वास. आत्या जाम खूश. दुसऱ्या दिवशी आत्याने त्याच सुया अगदी बारीक कातरल्या, खोबरं आणि हिरवी मिरची घालून वाटल्या आणि चटणी केली. बाबा खोकत खोकत दोन पोळ्या जास्त जेवले. मग काय, दीपा हवेतच. फ्रिजमध्ये डोकं घालून ज्यूस शोधता शोधता म्हणाली, "आत्या, ही सुयावाली झाडं ना, सगळी खाता येतात."

म्हणाली आणि विसरून गेली.

"आत्या, सांग ना. कोण काय बोललं?"

"ती शेजारची म्हातारी." म्हणजे मिसेस नोवाक. "मी खिडकीखालच्या झुडपाची पानं खुडत होते. ती लांबून हात हलवत आली. मी नीट वाक्य करून विचारलं, व्हॉट इज धिस ट्री. तर माझ्याकडे बोट करून म्हणते, यू."

"यू?"

"यू. मला वाटलं नाव विचारतेय. म्हटलं, आय अ‍ॅम मालिनी. तर मान हलवते आणि परत बोट. नो, नो. यू. यू इज पॉइझन."

दीपाने ओठ दाबले, पण हसू नाकातून आलंच.

"हसतेस काय? मी विष! आणि वर व्याकरण बघ. यू इज. सगळं आयुष्य इंग्रजीत गेलं आणि बाईला 'यू आर' येत नाही. मी घरात आले आणि दार लावून घेतलं. दोनदा बेल वाजवली तिने. उघडलंच नाही मी."

"अगं, तिला काहीतरी वेगळंच म्हणायचं असेल. तू काय खुडत होतीस?"

"तालीसपत्र. हेमूच्या खोकल्याला. तुझ्या त्या पाइनच्या सुया चहाला ठीक आहेत गं. दादांच्या डब्यात असायचं ते चपटं, कंगव्यासारखं दोन्ही बाजूंना. हुबेहूब तेच तुमच्या खिडकीखाली वाढतंय, आणि तुम्ही दरवर्षी त्याची हजामत करून कचऱ्यात टाकता."

दीपाने स्टोव्हकडे बघितलं. स्टीलचं पातेलं. कडेला चिकटलेली चपटी, काळपट हिरवी पानं.

आणि तिला तो वॉकवाला माणूस आठवला. कॉलेजच्या लायब्ररीपुढच्या हेजपाशी थांबून त्याने सगळ्यांना दरडावलं होतं, हे नाव लक्षात ठेवा, इंग्रजीत तीनच अक्षरं आहेत, याचं एक पानही तोंडात घालायचं नाही, हृदय बंद पडतं. तेच झुडूप त्यांच्या स्वतःच्या खिडकीखाली, घर घेतलं तेव्हापासून. तिने कधी नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

"आत्या, बाबा कुठायत?"

"टीव्हीपुढे. आत्ताच दिलाय काढा."

दीपा पळाली. अक्षरशः पळाली, हॉलमधला रग पायात आला, खुर्ची पडली. बाबा फुटबॉल बघत बसलेले, कप ओठांना लावलेला. तिने हातावर फटकाच मारला. काढा कार्पेटवर, कप सोफ्याखाली.

"दीपा, वेड लागलंय का तुला?"

"प्यायलात? बाबा, हाऊ मच?"

"कुठे प्यायलोय. गरम होता. आणि वास बघ ना त्याचा."

दीपा तिथेच खाली बसली. जीवात जीव आला होता, म्हणजे एखादं मिनिट. कारण आत्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सांडून काय मिळवलंस? मी काय न बघता देईन त्याला? दादांचा नियम होता, रोग्याच्या आधी आपण घ्यायचं. मी मघाशीच घेतला."

दीपा धडपडत उठली.

"किती?" हे बाबांनी विचारलं.

"अर्धी वाटी."

फ्रिजवर पॉइझन कंट्रोलच्या नंबरचा स्टिकर होता, दीपा लहान असताना बाबांनी लावलेला. दीपाने तोच फिरवला. पलीकडच्या माणसाने विचारलं काय घेतलंय, ती म्हणाली यू. तो म्हणाला, हू? मग तिने ओरडून स्पेलिंग सांगितलं. वाय, ई, डब्ल्यू.

आत्या मागून जवळ आली.

"वाय, ई, डब्ल्यू?" ती म्हणाली. "ते झाडाचं नाव आहे?"

"हो, आत्या. बस तू. प्लीज बस."

आत्या बसली. "म्हणजे इज बरोबर होतं," ती म्हणाली. हृदयाबिदयाचं काहीच नाही, बघा. "तृतीय पुरुषी एकवचन. आणि मी दार लावलं तिच्या तोंडावर."

अँब्युलन्स आली. हॉस्पिटलात नळी घालून पोट धुतलं, कोळशाचं काळं पाणी पाजलं, छातीला वायरी लावल्या. दीपा त्या पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघत उभी राहिली. संध्याकाळी ती रेघ अचानक वेडीवाकडी झाली, घंटी वाजली, नर्सेस धावल्या, दीपाला बाहेर काढलं. बाबा कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खोकत होते, आणि दीपाला फक्त स्वतःचं ते वाक्य ऐकू येत होतं. सगळी खाता येतात. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले सावरलीय, पण आजची रात्र बघू.

सकाळी रेघ सरळ चालत होती. धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले, आणि बाबा आत्याचे पाय धरून रडले, तेही दीपाने पहिल्यांदाच बघितलं.

त्यांनीच मिसेस नोवाकना कळवलं असणार. दुपारी त्या दारात उभ्या, कोट अंगातच, आत यावं की नाही असा चेहरा.

आत्याने उशीवरून मान उचलली. घसा सोललेला, तरी वर्गात उभी असल्यासारखी एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आय अ‍ॅम मालिनी." मग त्यांच्याकडे बोट करून, "अँड यू?"

म्हातारीचा चेहरा पडला. तिने आत्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि लहान मुलाला सांगावं तसं हळू सांगितलं, "येस, हनी. यू. यू इज पॉइझन."

आत्याने दीपाकडे बघितलं.

"हिचं नाव तूच विचार गं," ती म्हणाली. हात मात्र सोडवून घेतला नाही.