बाभळीच्या कोपऱ्यातल्या भोरड्या

त्या साली भोरड्या दसऱ्यालाच आल्या. पौषात ज्वारी हुरड्याला आली, तेव्हा त्या पाखरांचा थवा उतरला की कणसांवर काळं-गुलाबी पांघरूण पडल्यासारखं दिसायचं. वाशीच्या अलीकडं आमचं रान. दिवसभर राखणीच्या माळ्यावर उभी राहून मी गोफण फिरवायची.

माझा धाकटा भाऊ बब्रुवान निजामाविरुद्ध उठलेल्या लोकांचे निरोप पोचवायचा. एके दिवशी त्याला धरायला निजामाचा जमादार गावात आला, म्हणून तो सकाळीच आमच्या ज्वारीत, बाभळीच्या कोपऱ्यात पालथा पडून राहिला होता.

ऊन वर आलं तसा जमादार दोन शिपाई घेऊन माळ्याखाली आला.

"भाऊ कुठाय?"

"महिना झाला, आला न्हाय."

वाटलं, आता जाईल. तो घोड्यावरूनच भोरड्या बघत राहिला. मी विहिरीकडं दगड टाकला, थवा उठला. बांधाकडं टाकला, उठला. उठून सगळा बाभळीच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि निवांत दाणे टिपू लागला. सकाळपासून मी तिकडं एकही दगड टाकला नव्हता. पाखरांना ते कळलं होतं. आता जमादारालाही कळत होतं.

"त्या कोपऱ्यातली पाखरं तुझ्या सासरची हायत का गं? लई पाहुणचार चाललाय."

शिपाई हसले. मी गोफणीत मातीचं ढेकूळ घातलं.

"ढेकूळ कशाला? दगड घाल की."

भाऊ तिथं असला तर बहीण दगड टाकणार नाही, एवढाच त्याचा हिशेब. मी दगड घातला. नेम थोडा अलीकडं धरला, पण गोफणीचा काय भरवसा. गोफण सुटली. थवा भर्रकन उठला. कोपऱ्यातून आवाज आला नाही.

"अजून एक."

दुसरा टाकला. तो मातीवर पडल्याचं काही ऐकू आलं नाही.

जमादारानं घोडा वळवला, पण विहिरीवर पाणी पाजत थांबला. तो दिसत होता तोवर मी चारी बाजूंना गोफण फिरवत राहिले, बाभळीकडंही.

घोडे वाटेला लागले, तशी मी माळ्यावरून उतरले. ज्वारीतून सरपटतच कोपऱ्यात गेले.

बब्रुवान तसाच पालथा होता. धोतराचा सोगा तोंडात कोंबलेला, खांदा सुजून काळानिळा. मी सोगा ओढून काढला.

"अक्का," तो म्हणाला, "एकच चुकला बघ तुझा."

मला हुंदका आला.

"रडू नगं. वर जा. माळा रिकामा दिसला तर परत फिरतील."

मी चढले. थवा पुन्हा कोपऱ्यावर उतरत होता. वाटेकडं बघत मी गोफणीत दगड घातला.