काशीरामचे शिल्लक गुण

श्यामसुंदर आणि त्यांची मुलगी गंधाली यांचं भांडण कधीच झालं नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. गंधाली नोकरीला लागली आणि "ऑफिस जवळ पडतं" म्हणून अंधेरीला भाड्याच्या घरात राहायला गेली. मुलुंड ते अंधेरी हे अंतर मुंबईच्या हिशेबात परदेशात मोडतं, त्यामुळे भेटी संपून फोन सुरू झाले. वसुधाबाई लेकीशी भाजी निवडता निवडता मनसोक्त बोलायच्या. श्यामसुंदरांच्या वाट्याला यायचं ते एवढंच.

"जेवलीस?"

"हो."

"बरी आहेस ना?"

"हो. तू?"

"मी बरा. देतो हं आईला."

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ह्या संभाषणाचा आखूडपणा त्यांना जास्त बोचू लागला, कारण दिवसभरात त्याहून महत्त्वाचं काही घडत नसे.

एकदा फोन स्पीकरवर होता आणि वसुधाबाई मेथी निवडत होत्या. गंधाली तिच्या त्या कॉम्प्युटरवरच्या खेळाबद्दल सांगत होती. दर रविवारी सकाळी ती आणि ऑफिसातला प्रीतम आपापल्या घरी बसून तो खेळत. त्यांच्यातली तिसरी, एक मैत्रीण, त्यात वैद्य होती, म्हणजे लढाईत जखमी झालेल्यांना बरं करणारी. ती आता यायची बंद झाली होती.

"वैद्याशिवाय वाट लागते गं आई. सारखे मरतोय आम्ही."

वर्तमानपत्रामागून आवाज आला, "मी होतो की वैद्य."

मेथी थांबली.

"बाबा?"

"शिकव मला. रविवारी मोकळाच असतो मी."

सोमवार ते शनिवारही ते मोकळेच असत, पण हे आत्ताच उघड करायची गरज नव्हती.

गंधालीचा जुना लॅपटॉप कपाटातून निघाला. खेळाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं आणि त्यात राख, शाप आणि सिंहासन तिन्ही होतं. आधी स्वतःचं पात्र घडवायचं, मग ते घेऊन राक्षस मारत हिंडायचं, अशी साधारण कल्पना. श्यामसुंदरांनी कान टोकदार असलेला, वनात राहणारा, तीनशे वर्षं जगणारा माणूस निवडला आणि त्याचं नाव काशीराम ठेवलं.

"बाबा, काशीराम?"

"वैद्य आहे. नाव ऐकून माणसाला विश्वास वाटला पाहिजे."

"बरं, आता नीट ऐक," गंधाली म्हणाली. "पात्र एकेक पायरी चढलं की वाटायला गुण मिळतात. नवीन माणूस हमखास चुकतो तो इथे. थोडे ताकदीला, थोडे चपळाईला, थोडे बुद्धीला, असे प्रसादासारखे सगळ्यांना वाटत सुटतो. मग कशातच धड राहत नाही. तू वैद्य आहेस ना? सगळे गुण बुद्धीवर आणि औषधविद्येवर. ताकदीला हात लावायचा नाही. रूपावर तर एकही नाही."

"रूपाचं समजू शकतो," श्यामसुंदर म्हणाले.

ती हसली. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्या एखाद्या वाक्यावर हसली होती. त्यांनी ते वाक्य दुपारी वसुधाबाईंना पुन्हा म्हणून दाखवलं. त्यांना काही हसू आलं नाही.

पहिले काही रविवार बरे गेले. गंधाली तलवार घेऊन पुढे, प्रीतम आगीचे गोळे फेकत मधे, आणि काशीराम औषधांची झोळी घेऊन मागे. लढाई नसताना तिघं माळरानातून चालत, तेव्हा गप्पाही होत. गंधालीची घरमालकीण कशी आहे, डब्यात काय असतं, मॅनेजर कसा डोक्यात जातो, हे सगळं श्यामसुंदरांना अशा रीतीने प्रथमच कळत होतं. समोरासमोर बसून ज्या गोष्टी तिने कधी सांगितल्या नसत्या, त्या ती काशीरामला सहज सांगत होती.

मग पूल आला. पुलावर एक दगडी राक्षस होता आणि तो कुणाला पलीकडे जाऊ देत नव्हता.

"काका, औषध द्या! मेलो!" प्रीतम ओरडला.

"देतो रे. पण हे नुसतं खरचटलंय तुला."

"काका, अर्धा जीव गेलाय माझा!"

"अर्धा आहे ना अजून? पडद्यावरची ही निळी पट्टी संपली की औषध बंद. पुढे आणखी मोठं काही आलं तर?"

पुढे मोठं काही यायच्या आत तिघंही मेले. पुढच्या रविवारीही मेले. त्याच्या पुढच्याही. दर वेळी मरताना काशीरामच्या झोळीतली औषधं जशीच्या तशी होती.

त्या रविवारी तिघं तिसऱ्यांदा पडल्यावर श्यामसुंदर चहा टाकायला आत गेले. लॅपटॉप चालूच होता, त्यातून त्या दोघांचे आवाज येत होते आणि वसुधाबाई शोकेस पुसत होत्या. थोड्या वेळाने त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, तुम्हाला काढतायत."

"कुठून?"

"त्या तुमच्या टोळीतून. तो प्रीतम म्हणाला, काका स्वीट आहेत यार, पण आपण दुसरा वैद्य बघू. त्याच्या ओळखीत आहे म्हणे कुणी."

"गंधाली काय म्हणाली?"

"म्हणाली, एक रविवार अजून दे."

श्यामसुंदरांनी गॅस बारीक केला. ऑफिसात एवढी वर्षं काढली, पण त्यांना काढायचा विषय तिथे कधी निघाला नव्हता. आणि हे ऑफिस नव्हतं. इथून निघालं की पुन्हा "जेवलीस?" आणि "देतो आईला".

ते येऊन लॅपटॉपसमोर बसले. वसुधाबाई चष्मा लावून मागे उभ्या राहिल्या.

"हे कोपऱ्यात पिवळं काय चमकतंय? सारखं सारखं?"

"ते शिल्लक गुण."

"कसले?"

"प्रत्येक पायरीला मिळतात. बुद्धीवर वगैरे लावायचे असतात."

"मग लावले नाहीत?"

"ठेवलेत. अडीअडचणीला असावेत."

वसुधाबाईंनी एकदा शोकेसकडे पाहिलं. आत सोनेरी काठाच्या कपबशा होत्या. गंधालीच्या बारशाला आलेल्या. चांगल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. एवढ्या वर्षांत तेवढा चांगला पाहुणा आला नव्हता. मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. पुलावर काशीराम तोंडावर पडला होता.

"अहो, मेलाय तो," त्या म्हणाल्या. "याहून मोठी अडचण आता कुठली यायचीय त्याला?"

संध्याकाळी श्यामसुंदरांनी फोन लावला. स्वतःहून.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. मला जरा विचारायचं होतं. गुण कुठे कुठे लावू?"

"कुठले गुण?"

"सगळेच."

"बाबा, तू पहिल्यापासून एकही लावला नाहीस?"

"तू म्हणालीस ना, उगीच वाटत सुटू नकोस."

"अरे, म्हणजे अजिबात लावू नकोस असं नाही ना! आम्हाला वाटत होतं तुला खेळताच येत नाही. तू जन्मल्या दिवशीची ताकद घेऊन त्या राक्षसासमोर उभा होतास!" ती आता हसत होती, पण मधेच थांबली. "तू रजासुद्धा अशाच साठवायचास. मी पाचवीत असल्यापासून आपण मनोरीला समुद्रावर जाणार होतो. आठवतंय? मी बॅगसुद्धा भरली होती."

आठवत होतं. पोहायचा गुलाबी टायर होता त्या बॅगेत. पुढच्या मे महिन्यात जाऊ, असं ते म्हणाले होते, आणि मे महिना दर वर्षी नेमाने येत राहिला होता.

"हो," ते म्हणाले.

"चल, जाऊ दे. लॅपटॉप उघड. पहिला गुण बुद्धीवर टाक. टाकलास?"

"हा परत काढता येतो का?"

"नाही."

त्यांनी तो गुण टाकला. मग दुसरा. मग औषधविद्या, तिच्या पोटशाखा, एका हाकेत सगळ्यांना बरं करणारा मंत्र. प्रत्येक ठिकाणी ते "नक्की ना?" विचारत होते आणि प्रत्येक ठिकाणी ती "टाक रे" म्हणत होती. वसुधाबाई दोनदा फोन मागायला येऊन गेल्या. "थांब गं," श्यामसुंदर म्हणाले, "आमचं चाललंय."

रविवारी काशीराम पुलावर आला तो ओळखू येईना. राक्षसाने हात उचलायच्या आत त्याने औषध फेकायला सुरुवात केली.

"काका, मी ठणठणीत आहे! अजून लागलंच नाहीये मला!"

"असू दे. घे."

"बाबा, निळी पट्टी संपत आली!"

"संपू दे!" श्यामसुंदर इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला.

शेवटी पट्टी संपलीच. काशीराम रिकाम्या झोळीने पुलाच्या मधोमध पडला. पण गंधाली त्याला ओलांडून पुढे गेली आणि तिने तो दगडी राक्षस कठड्यावरून खाली ढकलला. पलीकडच्या काठावर पोचल्यावर काशीरामही उठून बसला. खेळात तशी सोय होती.

"झकास काका!" प्रीतम म्हणाला. "पुढच्या रविवारी किल्ला घेऊ. येताय ना?"

"पुढच्या रविवारी मी नाही."

प्रीतमने घसा खाकरला. काकांनी आपलं त्या दिवशीचं बोलणं ऐकलंय की काय, अशी शंका त्याला आली असावी.

"म्हणजे मी, वसुधा आणि गंधाली, कुणीच नाही," श्यामसुंदर म्हणाले. "मनोरीला खोली घेतलीय. शनिवारी सकाळी मार्व्याच्या धक्क्यावर भेटू, तिथून बोटीने जायचंय. गंधाली, तू अंधेरीहून परस्पर ये, तुला सोपं पडेल."

"बाबा, विचारायचंस तरी आधी! मला काम असतं तर?"

"आहे?"

"नाहीये," गंधाली म्हणाली. "टायर घेऊन येऊ नकोस म्हणजे झालं. बरं, पायरी चढलास तू, नवीन गुण आलेत बघ. लावून टाक लगेच, माझ्यासमोर."

स्वयंपाकघरातून वसुधाबाई चहा घेऊन आल्या. सोनेरी काठाच्या कपात. श्यामसुंदरांनी कपाकडे पाहिलं, वसुधाबाईंकडे पाहिलं, आणि एकेक गुण लावत गेले.

"लावलेस सगळे?"

"एक सोडून."

"बाबा!"

"अगं, असू दे," ते म्हणाले. "बोटीचा प्रवास आहे."