माझ्या पोटावरची चौथी ओळ

मित्रांनो, रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या आमच्या मराठी मंडळाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला जे टेकवून ठेवलेलं असतं ना, तो मी. नऊ किलोंचा पोलादी करंडक! आधी तिथे दगड होता. पण तो माझ्यापेक्षा हलका निघाला.

खरं तर मी बक्षीस आहे. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि इथे भराभर सिनेमे निघू लागले. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष यशवंतराव म्हणाले, "मुंबईवाले बक्षीस देतात, मग आपण काहून नाही?" मंडळातले एकजण सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात लेथवर होते. उरलेल्या पोलादातून त्यांनी मला घडवलं. आतून पोकळ करायला वेळच उरला नाही. मुख्य भूमिकेतल्या उत्कृष्ट गंभीर नटाला दरवर्षी मी मिळायचो. हसवणाऱ्यांसाठी वेगळी ढाल होती, ती बिचारी लाकडाची.

वर्षभर विजेत्याच्या घरी राहायचं, मग परत यायचं आणि पोटावर नवं नाव घालून पुढच्याकडे जायचं, असा नियम होता. नाव घालायला मला गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात न्यायचे. लग्नातल्या डब्या-पातेल्यांवर नावं घालणारा कारागीर माझ्यावरही मशीन चालवायचा. घुर्रर्र! काय गुदगुल्या व्हायच्या!

चौथ्या वर्षी, २००४ साली, अच्युतकाका जिंकले. ते रेल्वेच्या तिकीट खिडकीवर बसायचे, आणि सिनेमात हरवलेल्या मुलीला शोधणारा बाप झाले होते. यशवंतराव मला घेऊन दुकानात गेले. लग्नसराई, तुफान गर्दी! कारागिराने मान वर न करता विचारलं, "किसकी तरफ से है?" लग्नाच्या भांड्यावर देणाऱ्याचंच नाव असतं ना!

"मेरी तरफ से. यशवंतराव," यशवंतराव म्हणाले. चष्मा घरीच राहिला होता. झालं! २००४पुढे त्यांचंच नाव उमटलं.

समारंभात अच्युतकाकांनी मला एका हातात घेतलं आणि मी निसटलो. मला वाचवायला त्यांनी पाय पुढे केला. अंगठा मोडला, तरी त्यांनी हसत हसत भाषण केलं. सिनेमातल्या कामापेक्षा ते काम भारी होतं, अगदी शप्पथ! चौथी ओळ त्यांनी घरी गेल्यावर वाचली. यशवंतराव हात जोडून म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की दुरुस्त करतो." ते वर्ष मी काकांच्या कपाटावर भिंतीकडे तोंड करून काढलं.

पुढची वर्षं आली नि गेली. दुरुस्ती राहिली. यशवंतराव वारले. २०१२नंतर समारंभच बंद पडला आणि मी दाराशी आलो. बारा नावं पोटावर घेऊन उभं राहायचं, आणि येणाऱ्याने चप्पल झटकायची तीही माझ्यावरच. दमलो हो मी.

मग गेल्या महिन्यात मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं. रजिस्टर वाळवीने खाल्लेलं, म्हणून विजेत्यांची यादी माझ्यावरूनच उतरवायची होती. ती झाली की मी भंगारात, परत सिलतऱ्याच्या भट्टीत. नवा सचिव पराग हा यशवंतरावांचा नातू. तो माझ्यापुढे मांडी घालून वाचू लागला. बाजूच्या खुर्चीवर त्याची आजी शांताबाई बसली होती. यादी होते आहे हे ऐकून अच्युतकाकाही काठी टेकत आले, नात ऋताला घेऊन.

"अरे वा! २००४, यशवंतराव!" पराग ओरडलाच. "आजोबा हीरो होते? मले कोणी सांगितलंच नाही!"

ऋता कुजबुजली, "आजोबा, बोलो ना! ये तो आपका है."

"राहू दे, पोट्टी. किती खुश होऊन राहिला तो."

मी भट्टीत गेलो की ही चूकच खरी ठरणार होती, कायमची! मला ओरडावंसं वाटलं. पण पोलादाला तोंड कुठे असतं?

तोंड शांताबाईंना होतं. "काय वाचून राहिला रे? तुह्या आजोबाने जन्मात तोंडाले रंग लावला नाही. गणपतीच्या नाटकात पडदा ओढायचे, तोही अडकायचा!"

"पर आजी, यहाँ लिखा है."

"लिहिलं असन. हा ज्याच्या पायावर पडला, त्याचा आहे तो. अच्युत, काढ चप्पल."

काकांनी लाजत चप्पल काढली. अंगठा अजून वाकडाच होता.

"आंबेहळद मीच उगाळून दिली होती," शांताबाई म्हणाल्या. "आमचे हे रडून राहिले होते, अन् हा हसून राहिला होता."

परागचा चेहरा उतरला. "सॉरी काका. हे नाव घासून टाकतो मी."

"नको रे," काका म्हणाले. "त्यानेच तर दिला होता मले. फक्त माहं नाव राहिलं."

मग ऋता मला उचलून, धापा टाकत, गोल बाजारात गेली. कारागीर तोच होता, केस तेवढे पांढरे झालेले. त्याने सवयीने विचारलं, "किसकी तरफ से?"

"वो तो आपने कब का लिख दिया, भैया," ऋता म्हणाली. "अब जिसको मिला, उसका लिखिए." आणि अक्षर न् अक्षर वाचत ती तिथेच उभी राहिली.

आता माझी चौथी ओळ अशी आहे: '२००४. यशवंतराव यांच्याकडून अच्युत वरघणे यांस.'

ती ओळ वाचून परागने भंगाराचा बेतच सोडला. भट्टी टळली, मित्रांनो. दार मात्र मीच धरतो, आणि थकवाही तोच आहे. पण चौथी ओळ आता बाहेरच्या बाजूला असते. याल तेव्हा वाकून वाचा. आणि चपला जरा दुसरीकडे झटका.