पंच्याखालची भिंत

कॉमर्सच्या नव्या इमारतीत आतून किती भिंती घालायच्या, यावर बांधकाम समितीच्या चार बैठका झाल्या होत्या आणि चहाखेरीज कशाचाच निकाल लागला नव्हता.

सुंदरम्मा समितीत होती ती अक्षर चांगलं म्हणून. कॉमर्सची सगळ्यांत धाकटी लेक्चरर. तिनं इतिवृत्त लिहायचं आणि विचारलं तर मत द्यायचं. अजून कुणी विचारलं नव्हतं.

तोवर कॉमर्सचे वर्ग जुन्या सरकीच्या गोदामात भरत. खोल्या नव्हत्याच. दोऱ्या बांधून चादरी टाकल्या की वर्ग झाला. मुलं वाढली की चादर सरकवायची, दोन वर्गांना मिळून काही करायचं असलं की चादर काढून घडी घालायची. मुलं सतरंजीवर गोल करून बसत, खोट्या कंपन्या काढत आणि एकमेकांच्या बुडवत. शेवटच्या चादरीमागं पाळणा होता आणि पाळण्यात सुंदरम्माची सात महिन्यांची चन्नी. नवरा केमला रेल्वे स्टेशनवर नोकरीला, सासू-आई दोघी देवाघरी. शिपाईण केराबाई झोका द्यायची. पोर रडली की सुंदरम्मा मागणी-पुरवठा फळ्यावर तसाच सोडून पुरवठ्याला पळायची आणि परत येऊन वाक्य पुरं करायची.

"खोल्यांच्या इमारतीत पाळण्याला खोली नसते, बाई," प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. रागानं नव्हे, वेळापत्रक सांगावं तसं. म्हणजे खोल्या झाल्या की नोकरी गेली. हे सुंदरम्मानं केराबाईखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. केराबाई म्हणाली होती, "मग खोल्या हूच दिऊ नगा की."

पुण्याहून आलेले आर्किटेक्ट तीन दिवस गोदामात बसून चादरी मोजून गेले आणि त्यांनी एक मोठं मोकळं दालन काढून आणलं. भिंतींऐवजी चाकांवरच्या लाकडी फळ्या. मुलांनी मिळून शिकावं, जागा हवी तशी बदलावी. नकाशा सगळ्यांना आवडला. मग तेलाचे व्यापारी तिप्पण्णा यांनी विचारलं, "आमच्या अप्पांच्या नावाची फरशी कुठं बसणार?"

देणगीदार सात होते. सातांनाही आपापल्या वडिलांच्या नावाची फरशी हवी होती. फरशीला भिंत लागते.

"फळीवर लावता येईल," आर्किटेक्ट म्हणाले.

"चाकाच्या फळीवर? म्हणजे आज अप्पा हॉलमध्ये, उद्या मुतारीपाशी!"

"आमच्या श्रीपूरच्या साखर कारखान्यात बी लई नावं हायत," उसाचे बागायतदार हिंदुराव म्हणाले, "पर जाग्यावर हायत."

अशा चार बैठका.

पाचव्या बैठकीला केराबाई सांगोल्याला भावाकडं गेलेली, त्यामुळे चन्नी सुंदरम्माच्या मांडीवर होती आणि आपलीच मूठ चोखत समितीकडं बघत होती. तिप्पण्णांचे अप्पा पुन्हा मुतारीपाशी पोचले, तेव्हा अध्यक्ष सिद्रामप्पा पहिल्यांदाच बोलले. भुसार बाजारातले जुने अडते. चारही बैठकांत त्यांनी फक्त सुपारी कातरली होती.

"तोंडानं हे मिटायचं नाही," म्हणत त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. "बाजारात करतो तसं करू."

बाजारात सौदा पंच्याखाली होई. वरून पंचा, खाली दोघांचे हात. जितकी बोटं धरली तितका आकडा. कुणी काय धरलं ते तिसऱ्यानं विचारायचं नाही. शेवटी अडत्या जे बोलेल ते पक्कं.

सिद्रामप्पा एकेकापुढं जाऊन बसू लागले. तिप्पण्णांनी बराच वेळ हात सोडला नाही. हिंदुरावांनी डोळे मिटून घेतले. प्राचार्यांनी हात आधी रुमालाला पुसला. आर्किटेक्टना पद्धत समजावून सांगावी लागली. त्यांनी हात बाहेर काढून बोटं पुन्हा मोजली.

सगळे झाले. "निम्मे इकडं, निम्मे तिकडं. सौदा बसत नाही," म्हणत सिद्रामप्पा पंचा झटकायला लागले.

"बाई राहिल्या की," हिंदुराव म्हणाले. "समितीत हायत न्हवं?"

परक्या बाईमाणसाचा हात पंच्याखाली? चाळीस वर्षांत असा सौदा झाला नव्हता. सिद्रामप्पांनी छताकडं पाहिलं, मग मांडीवरच्या पोरीकडं.

"हिचा द्या. तुमच्याच घरची आहे."

"अण्णा, तिला भिंतीतलं काय कळतं?" तिप्पण्णांनी विचारलं.

"इथं कुणाला कळतंय?"

चन्नीची मूठ तोंडातून सुटली आणि पंच्याखाली गेली. पोरीची सवय सुंदरम्माला ठाऊक होती. समोर येईल ते ती अख्ख्या पंजानं धरायची. केस असोत, खडू असो. पंजा धरला तर पाच बोटं. पाच बोटं म्हणजे पाच भिंती, आणि पाच भिंतींच्या आत पाळणा कुठंच बसत नव्हता.

पंचा हलला. उजवीकडं गेला, डावीकडं गेला, चन्नीच्या तोंडाच्या दिशेनं चांगला वीतभर ओढला गेला. सिद्रामप्पांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तुरीचा भाव पडला तेव्हाही हलली नव्हती म्हणतात.

"ओंदु," ते अखेर म्हणाले, आणि आर्किटेक्टसाठी मराठीत, "एक. एकच भिंत. सगळ्यांचे वडील तिच्यावर. बाकी फळ्या."

"अण्णा, खरंच तिनं एक—" तिप्पण्णांनी तोंड उघडलं.

"चाळीस वर्षं पंचा धरतोय, तिप्पण्णा. हा प्रश्न मला कुणी विचारला नाही."

तिप्पण्णांनी जमिनीकडं पाहिलं. मग हलकेच म्हणाले, "त्या भिंतीवर सगळ्यांत वर कुणाचे अप्पा?"

त्यासाठी सहावी बैठक ठरली.

सुंदरम्मानं लिहिलं : 'सविस्तर चर्चेअंती एक भिंत सर्वानुमते मंजूर.' 'मंजूर' पुन्हा गिरवलं. मान वर केली तर सिद्रामप्पा खिडकीशी उभे राहून लाळेनं भिजलेला हात पंच्याला पुसत होते. अंगठा पुसला, मग तर्जनी, मग मधलं, मग अनामिका. करंगळीच्या बेचक्यातलं तेवढं राहिलं होतं, तेही पुसलं.

पाच.

हे तिनं इतिवृत्तात घेतलं नाही.